आपला 'पर्यंत' एकच, इंग्लिशमध्ये मात्र पाच-सहा: लांब, जवळ आणि कितपत हे इंग्लिशमध्ये नेमकं कसं बोलतात

सांगलीचा एक मुलगा माझ्याकडे बोलायच्या सरावाला यायचा. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी, क्लायंट मँचेस्टरचे. पहिल्याच आठवड्यात कॉलवर पलीकडून प्रश्न आला, 'हाऊ फार हॅव यू गॉट विथ द टेस्टिंग?' त्याला 'फार' म्हणजे लांब हे माहीत, 'गॉट' म्हणजे मिळालं हे पण माहीत, पण दोन्ही जोडून काही अर्थ लागेना, मग तो नुसता 'येस' म्हणाला आणि पलीकडे दोन-तीन सेकंद सगळं शांत. संध्याकाळी येऊन त्याने मला ते वाक्य वहीत लिहून दाखवलं, शब्द न् शब्द बरोबर होता. प्रश्न काय तर 'टेस्टिंग कुठपर्यंत आलंय?', आपण घरात रोज विचारतो तो, स्वयंपाक कुठवर आलाय, अभ्यास कुठवर आलाय. म्हणजे कामाला अंतर लावायची सवय आपल्याला पण आहे, फक्त इंग्लिशमध्ये ते कुठल्या शब्दात बसतं हे कुणी शिकवलेलं नसतं.

शाळेत 'फार' म्हणजे दूर आणि 'टिल' म्हणजे पर्यंत एवढंच पाठ होतं आणि मग आयुष्यभर आपण या दोन शब्दांवर सगळं ओढतो. माझा अनुभव असा की इंग्लिश शब्दांच्या याद्या पाठ करून हे सुटत नाही, आधी आपल्या मराठी वाक्यातला 'लांब', 'पर्यंत', 'कितपत' कुठल्या जातीचा आहे ते ओळखायचं आणि मग त्याला जोडीदार शोधायचा. त्याच क्रमाने जाऊया.

पहिली पायरी: साधं 'लांब'

इंग्लिश बोलणारे 'फार' हा शब्द जास्त करून प्रश्नात आणि नकारात वापरतात. 'हाऊ फार इज द स्टेशन?', 'इज इट फार?', 'नो, इट्स नॉट फार.' पण उत्तर 'हो, लांब आहे' असं असेल तर तिथे नुसतं 'इट इज फार' त्यांच्या तोंडी सहसा येत नाही, ते म्हणतात 'इट्स अ लाँग वे' किंवा 'इट्स क्वाइट अ लाँग वे फ्रॉम हिअर.' व्याकरणात 'इट इज फार' चुकीचं नाही, पण ऐकणाऱ्याला ते अर्धवट वाटतं. 'टू फार' (फारच लांब, जमणार नाही इतकं) किंवा 'फार अवे' असेल तर मात्र होकारात बिनधास्त चालतं. तर प्रश्न आणि नकार आला की 'फार', होकार आला की 'अ लाँग वे', एवढं धरून ठेवा, सुरुवातीला पुरतं.

दुसरी पायरी: आकडा आला की 'फार' गेला

ही आपल्याकडची सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक. 'माझं घर स्टेशनपासून दोन किलोमीटर लांब आहे' याचं आपण सरळ 'माय हाऊस इज टू किलोमीटर्स फार फ्रॉम द स्टेशन' करतो कारण मराठीत आकड्यानंतर लांब हा शब्द बसतो. इंग्लिशमध्ये आकडा सांगितला की 'फार' काढायचा आणि 'अवे' घालायचा: 'टू किलोमीटर्स अवे'. पुढे 'स्टेशनपासून' पण सांगायचं असेल तर 'टू किलोमीटर्स फ्रॉम द स्टेशन' एवढं पुरे, त्यात 'अवे' ठेवला तरी चालतो. त्यांच्या डोक्यात 'फार' म्हणजे 'बरंच अंतर' असं मत आहे, आणि मोजून आकडा दिलात तर मत द्यायची गरज उरत नाही. इंटरव्ह्यूत 'व्हेअर डू यू लिव्ह?' विचारतातच, तेव्हा हे एक वाक्य आधीच तयार करून ठेवा.

हाच 'अवे' वेळेला पण लागतो. 'परीक्षा दोन आठवड्यांवर आलीय' म्हणजे 'द एक्झाम इज टू वीक्स अवे'. आपण 'वर' लावतो, ते 'अवे' लावतात. आणि 'दिवाळीला अजून खूप अवकाश आहे' असेल तर 'दिवाळी इज स्टिल अ लाँग वे ऑफ'.

तिसरी पायरी: अंतर मिनिटात सांगायचं

यात आपण आणि ते सारखेच आहोत. ठाण्यात कुणाला विचारा ऑफिस किती लांब, तो किलोमीटर सांगणार नाही, 'लोकलने पाऊण तास' सांगेल. इंग्लिशमध्येही तसंच चालतं, अमेरिकेत आणि कॅनडात तर दोन शहरांतलं अंतर सर्रास तासांत सांगतात, 'इट्स अबाउट थ्री अवर्स अवे', आणि त्यात गाडीने हे गृहीत असतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी लिहिताना पकडली जाते. 'पायी दहा मिनिटं' याची दोन रूपं आहेत, 'इट्स अ टेन-मिनिट वॉक' आणि 'इट्स टेन मिनिट्स ऑन फूट'. पहिल्या रूपात 'मिनिट' एकवचनी, मध्ये छोटी आडवी रेघ आणि सुरुवातीला 'अ' हवाच, कारण तिथे दहा-मिनिट हे वॉकचं विशेषण झालंय. आपण 'टेन मिनिट्स वॉक' बोलतो, बोलण्यात ते खपून जातं पण ईमेलमध्ये दिसतं. तसंच 'अ टू-अवर ड्राइव्ह', 'अ फाइव्ह-किलोमीटर रन'.

आणि 'वॉकिंग डिस्टन्स' हा आपला सगळ्यांचा लाडका शब्द, फ्लॅटच्या प्रत्येक जाहिरातीत असतो. आपण 'ॲट वॉकिंग डिस्टन्स' म्हणतो, ते 'विदिन वॉकिंग डिस्टन्स' म्हणतात, म्हणजे चालत जाता येईल एवढ्या टापूच्या आत. शाळा चालत जाण्याजोगी जवळ आहे तर 'द स्कूल इज विदिन वॉकिंग डिस्टन्स'. हाकेच्या अंतरावर म्हणायचं असेल तर त्यांच्याकडे दगड फेकायचा हिशोब आहे, 'जस्ट अ स्टोन्स थ्रो फ्रॉम द बीच'. आणि नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजलेलं अंतर कावळ्यावर सोपवलंय, 'ट्वेंटी माइल्स ॲज द क्रो फ्लाइज', घाटाच्या रस्त्याने तेच तीस-पस्तीस भरणार हे त्यात आलंच.

चौथी पायरी: मैल, यार्ड, आणि चढ नसलेला 'अप'

कोण बोलतंय त्यावर माप बदलतं. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या पाट्या आजही मैलात आणि यार्डात, अमेरिकेत मैलात आणि फुटात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किलोमीटरवाले. आयर्लंडने 2005 मध्ये वेगमर्यादेच्या पाट्या मैलावरून किलोमीटरवर आणल्या, शेजारी उत्तर आयर्लंडमध्ये मात्र अजून मैलच, त्यामुळे सीमा ओलांडली की पाटीवरचा आकडा एकदम बदलतो. मैल म्हणजे साधारण 1.6 किलोमीटर. चालण्याचा हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे, मैलाला वीस मिनिटं. कुणी 'हाफ अ माइल' म्हणाला तर दहा मिनिटं चालायची तयारी. आपल्याकडे 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि रस्त्याकडेचे आकडे हळूहळू किलोमीटरचे झाले, तरी बोलताना मैलाचा दगड आणि कोसभर चालणं अजून आहे ना, तसंच मैल त्यांच्या बोलण्यात इतका मुरलाय की तो मोजमाप राहिलेलाच नाही. 'सॉरी, आय वॉज माइल्स अवे' म्हणजे सॉरी, माझं लक्ष नव्हतं. 'धिस वन इज माइल्स बेटर', हे ब्रिटिश लोक जास्त म्हणतात, म्हणजे हे कितीतरी चांगलं. इथे कुणी किती मैल ते मोजत बसत नाही.

रस्ता विचारल्यावर येणारं उत्तर हा वेगळाच प्रकार. 'इट्स जस्ट अप द रोड', 'डाउन द रोड', 'राउंड द कॉर्नर'. नवीन माणूस 'अप' ऐकून चढ शोधतो, पण तिथे चढ-उतार असेलच असं काही नाही, 'याच रस्त्याने थोडं पुढे' एवढाच अर्थ. 'राउंड द कॉर्नर' म्हणजे पण दर वेळी कोपऱ्यावर वळायचंच असं नाही, इथंच जवळ आहे हो, एवढंच. अमेरिकन माणूस ब्लॉक मोजतो, 'थ्री ब्लॉक्स डाउन', म्हणजे तीन आडवे रस्ते ओलांडायचे.

पाचवी पायरी: पर्यंत (इथे घाई करू नका)

खरा गुंता इथे आहे. मराठीत 'पर्यंत' एकटा जागा, वेळ, रक्कम, उंची, सगळं सांभाळतो. इंग्लिशमध्ये ही कामं वाटून दिलेली आहेत आणि आपण सगळीकडे 'टिल' लावतो. 'टिल' आणि 'अंटिल' हे वेळेचे शब्द. जागेला ते लावले की त्यांच्या कानाला खटकतं.

जागेपासून सुरू करू. 'मी नाक्यापर्यंत चालत गेलो' हे 'आय वॉक्ड टिल द नाका' नाही, 'आय वॉक्ड ॲज फार ॲज द नाका' किंवा साधं 'टू द नाका'. दोघांत फरक आहे. 'टू' मध्ये नाका हेच मुक्कामाचं ठिकाण, 'ॲज फार ॲज' मध्ये तिथपर्यंतच, पुढे नाही, असा सूर येतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती 34 किलोमीटरवरच्या ठाण्यापर्यंत. नुसती बातमी द्यायची तर 'द ट्रेन रॅन टू ठाणे', आणि सुरुवातीला रूळ तिथवरच होते, कल्याण नंतर जोडलं गेलं, हे सांगायचं असेल तर 'द लाइन वेंट ओन्ली ॲज फार ॲज ठाणे'.

आता रोजचं वाक्य बघा, 'चल, तुला स्टेशनपर्यंत सोडतो.' आपण हमखास 'आय विल ड्रॉप यू टिल द स्टेशन' म्हणतो. स्टेशनलाच जायचं असेल तर 'आयल ड्रॉप यू ॲट द स्टेशन', कारण ड्रॉप म्हणजे उतरवणं आणि उतरवणं एका जागी होतं, त्याला पर्यंत लागतच नाही. मी अर्ध्या वाटेपर्यंतच येणार आणि पुढे तुझं तू जा, असं असेल तर 'आय कॅन टेक यू ॲज फार ॲज द स्टेशन'. पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला जाणं म्हणजे 'आयल वॉक यू टू द डोअर'. तीन वेगळे पर्यंत आणि तिन्हीत 'टिल' कुठेच नाही.

मग तो सांगलीचा मुलगा. त्याला मी 'गॉट ॲज फार ॲज' एवढं एकच घोटायला लावलं. पुढच्या कॉलला त्याचं उत्तर होतं, 'वी हॅव गॉट ॲज फार ॲज द पेमेंट पेज', पेमेंटच्या पानापर्यंत आलोय. पलीकडचा माणूस लगेच पुढच्या प्रश्नावर गेला, आणि हेच हवं होतं. निम्मं झालं असेल तर 'वी आर हाफवे थ्रू', संपत आलं असेल तर 'वी आर ऑलमोस्ट देअर'.

उंची, पातळी, रक्कम असेल तर 'अप टू'. गुडघ्यापर्यंत पाणी म्हणजे 'वॉटर अप टू माय नीज', पाचशे रुपयांपर्यंत म्हणजे 'अप टू फाइव्ह हंड्रेड रुपीज', सेलच्या पाटीवरचं पन्नास टक्क्यांपर्यंत सूट पण हेच. आणि हे दोन शब्द आहेत. आपल्याकडे दुकानांच्या फलकांवर, सरकारी फॉर्मवर सुद्धा ते चिकटवून एक शब्द केलेले दिसतात, बायोडेटात तरी तसं लिहू नका.

वेळेच्या पर्यंतात अजून एक फाटा आहे आणि नोकरीत त्याचे परिणाम होतात. 'पाच वाजेपर्यंत थांब' आणि 'पाच वाजेपर्यंत पाठव', मराठीत दोन्हीकडे तोच पर्यंत. इंग्लिशमध्ये पहिल्याला 'अंटिल फाइव्ह', कारण थांबणं पाचपर्यंत चालूच राहणार, दुसऱ्याला 'बाय फाइव्ह', कारण पाठवणं एकदाच होणार, पाचच्या आत कधीही. 'आय विल सेंड इट टिल फाइव्ह' असा मेल गेला तर वाचणारा बुचकळ्यात पडतो की हा माणूस पाच वाजेपर्यंत पाठवतच राहणार की काय. ओळखायचं सोपं: मराठी वाक्यात 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. पाचच्या आत पाठव, बसतंय, मग 'बाय'. पाचच्या आत थांब, बसत नाही, मग 'अंटिल'. ही चाचणी मला अजून तरी दगा देताना दिसलेली नाही.

'आत्तापर्यंत' ला 'सो फार'. 'आयव्ह रेड थर्टी पेजेस सो फार', आत्तापर्यंत तीस पानं झाली, पुढे अजून वाचणार आहे असं त्यात ऐकू येतं. त्याऐवजी 'अंटिल नाऊ' म्हटलं तर बऱ्याचदा आता काहीतरी बदललं असा वास येतो. 'अंटिल नाऊ आय हॅड नेव्हर सीन स्नो', म्हणजे हा बोलतोय तेव्हा बर्फ डोळ्यासमोर आहे. 'आय हॅवंट सीन स्नो सो फार' म्हणणाऱ्याला बर्फ अजून दिसायचाय.

आणि 'पार' विसरू नका, आपला 'पार' त्यांच्या 'ऑल द वे' ला अगदी फिट बसतो. 'पार नागपूरहून आलात!' हे 'यू केम ऑल द वे फ्रॉम नागपूर!', आणि कौतुकाचा सूर पण तसाच्या तसा उतरतो. 'पार टोकापर्यंत जा' म्हणजे 'गो ऑल द वे टू द एंड'. प्लॅटफॉर्मचं पलीकडचं टोक मात्र 'द फार एंड', इथे 'फार' म्हणजे दोन टोकांतलं आपल्यापासून लांबचं.

सहावी पायरी: कितपत

'तुला हे कितपत पटतं' यातला कितपत म्हणजे 'टू व्हॉट एक्स्टेंट'. आयईएलटीएस (परदेशी जाण्यासाठी द्यावी लागते ती इंग्लिशची परीक्षा) देणाऱ्यांनी हे पाहिलेलंच असतं, निबंधात 'टू व्हॉट एक्स्टेंट डू यू अग्री ऑर डिसअग्री?' असा प्रश्न येतो. पुष्कळ मुलं फक्त पटतं किंवा नाही पटत एवढंच लिहितात, पण प्रश्न किती पटतं हा आहे, तेव्हा पहिल्याच परिच्छेदात माप सांगून टाका: बऱ्याच अंशी म्हणजे 'टू अ लार्ज एक्स्टेंट', काही अंशी म्हणजे 'टू सम एक्स्टेंट'. यात 'टू' च, 'अप टू सम एक्स्टेंट' नाही. हे पण आपल्याकडे इतकं रुळलंय की मोठमोठे अधिकारी भाषणात म्हणतात, कारण मराठीत 'काही प्रमाणापर्यंत' असा पर्यंत डोक्यात असतो. 'अप टू' हवाच असेल तर 'अप टू अ पॉइंट' म्हणा. ब्रिटिश माणूस मीटिंगमध्ये 'वेल, अप टू अ पॉइंट' म्हणाला तर तो सहमत आहे असं धरून चालू नका, बहुतेक वेळा त्याला ते फारसं पटलेलं नसतं, फक्त तो तोंडावर नाही म्हणत नाहीये.

'इतकं की' साठी 'सो मच सो दॅट'. पाऊस इतका झाला की शाळा बंद ठेवाव्या लागल्या, 'इट रेन्ड हेविली, सो मच सो दॅट स्कूल्स हॅड टू क्लोज'.

सातवी पायरी: त्यांचा 'फार' आणि आपला 'फार'

हा योगायोग मला फार आवडतो. 'फार बेटर' म्हणजे फारच चांगलं, कितीतरी चांगलं. देवनागरीत लिहिलं की दोन्ही फार दिसायला सारखेच आणि इथे कामही सारखंच! पण अट एक, पुढे तुलना हवी: 'फार बेटर', 'फार मोर एक्स्पेन्सिव्ह', किंवा 'फार टू' जसं की 'फार टू स्पायसी', फारच तिखट. नुसत्या गुणाला तो लागत नाही, 'फार गुड' असं नसतं. सगळ्यात वरचा नंबर सांगायचा असेल तर 'बाय फार', म्हणजे 'बाय फार द बेस्ट', निर्विवाद सगळ्यात भारी.

'फार फ्रॉम' ची मात्र गल्लत होते. 'इट्स फार फ्रॉम परफेक्ट' म्हणजे परफेक्ट अजिबात नाही, तिथे पोचायला बराच पल्ला आहे. नुसतं 'फार फ्रॉम इट' असं उत्तर आलं तर छे छे, मुळीच नाही.

अति करण्याला आपण हद्द ओलांडली म्हणतो, तसं ते म्हणतात 'ही वेंट टू फार'. आणि एक सभ्य वाक्य शिकून ठेवा, 'आय वुडंट गो सो फार ॲज टू से दॅट', म्हणजे मी तितकं टोकाचं म्हणणार नाही. वरिष्ठांचं बोलणं खोडायचं असेल तेव्हा हे वाक्य खूप उपयोगी पडतं.

'ॲज फार ॲज आय नो' म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे. 'ॲज फार ॲज आयम कन्सर्न्ड' म्हणजे माझ्यापुरतं विचाराल तर. दुसरं वापरताना शेवटचा 'कन्सर्न्ड' खाऊ नका, 'ॲज फार ॲज बजेट' असं म्हणून वाक्य सोडून दिलं तर ते लोंबकळतं, 'ॲज फार ॲज द बजेट इज कन्सर्न्ड' असं पुरं करा. आणि 'ॲज लाँग ॲज' शी गाठ मारू नका, त्याचा अर्थ 'तोवर' किंवा 'अमुक अटीवर', 'यू कॅन बॉरो इट ॲज लाँग ॲज यू रिटर्न इट', परत करणार असशील तरच ने.

आठवी पायरी: डिस्टन्सच्या पुढे काय लावायचं

तीन अव्यय, तीन चित्रं. 'इन द डिस्टन्स' म्हणजे दूरवर, क्षितिजाकडे काहीतरी दिसतंय किंवा ऐकू येतंय, जसं पुण्यातून पाऊस उघडल्यावर दिसणारा सिंहगड. 'फ्रॉम अ डिस्टन्स' म्हणजे लांबून, बघणारा लांब उभा आहे. 'ॲट अ डिस्टन्स' म्हणजे अंतर राखून, आणि 'कीप समवन ॲट अ डिस्टन्स' म्हणजे चार हात लांब ठेवणं.

सराव कसा करायचा

पुस्तक नको. उद्या सकाळी घरातून निघाल्यापासून कामावर पोचेपर्यंतचा तुमचा नेहमीचा रस्ता घ्या आणि मनातल्या मनात इंग्लिशमध्ये सांगा: रिक्षा स्टँड किती मिनिटांवर, बस कुठपर्यंत जाते, पुढे किती चालावं लागतं, दूरवर काय दिसतं, प्लॅटफॉर्मच्या कुठल्या टोकाला तुम्ही उभे राहता. जिथे मराठीत पर्यंत येईल तिथे थांबायचं आणि विचारायचं, हा जागेचा, वेळेचा, की मापाचा? वेळेचा असेल तर 'च्या आत' ची चाचणी. पहिले चार-पाच दिवस प्रत्येक वाक्याला अडखळाल, अडखळू दे, मोठ्याने बोलता येत नसेल तर मोबाईलवर स्वतःलाच व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करा आणि रात्री ऐका. आठवडाभराने रस्ता सोडून काम घ्या: आज काय कुठवर आलं, उद्या कितीच्या आत काय द्यायचंय, कुठलं काम अजून लांब आहे. एकच रस्ता आणि एकच काम पुन्हा पुन्हा सांगायचं, रोज नवीन विषय शोधायचा नाही, कारण वाक्य ओळखीचं असलं की सगळं लक्ष त्या एका 'पर्यंत' वर राहतं.